काळ्या मातीत भूसुरुंग शोधणारं रडार चालते का?

भूसुरुंग शोधायच्या मशीनवरचा एक लेख वाचला, त्यात लिहिलं का जमिनीच्या आत पाहणारं रडार प्लास्टिकचे भूसुरुंगही शोधते, ते बरोबर आहे, मेटल डिटेक्टरले फक्त धातू समजते अन् रडारची लहर माती अन् पुरलेल्या वस्तूतल्या फरकावरून परत येते. पण भाऊ आमच्या यवतमाळकडची काळी कापसाची माती पावसाळ्यात पाहा एकदा, बैलगाडी फसते. अशी ओली चिकण माती लहर पिऊनच टाकते, खोल जाऊ देत नाही. कोरड्या रेतीत जमलं म्हणून इथं जमनच असं नाही. फ्रिक्वेन्सी, म्हणजे लहरीची सेकंदाले होणारी कंपनं, कमी केली तर लहर खोल जाते पण मंग बारीक वस्तू दिसत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याच्यात मुळं, दगड, उंदराची बिळं, सगळ्यांचाच सिग्नल येते, जवानानं कशावर भरोसा ठेवायचा?

१ मे २०१९ ले, महाराष्ट्र दिनालेच, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस अन् गाडीचा ड्रायव्हर गेले. अजूनही आठवलं का पोटात कालवते. म्हणून म्हणतो, मशीनची चाचणी भर श्रावणात, धानाच्या बांधीत अन् कपाशीच्या वावरात घ्या.