अफिफे जाले यांना एका ओळीपेक्षा अधिक जागा हवी होती

तुर्की चित्रपटाचा आरंभ १९१४ साली इस्तंबूलजवळच्या सान स्तेफानो येथील रशियन स्मारक पाडतानाच्या चित्रणापासून मोजणारा तुर्की चित्रपट-इतिहासावरील एक लेख वाचला; त्यात रंगभूमीवरील स्त्रियांचा उल्लेख एका ओळीत उरकला, याचे मनापासून वाईट वाटले. उस्मानी (ऑटोमन) काळात मुस्लिम स्त्रियांना रंगमंचावर येण्यास बंदी असल्याने स्त्रीभूमिकांचा भार प्रामुख्याने आर्मेनियन अभिनेत्रींनी वाहिला, आणि त्यांच्याविना इस्तंबूलचे नाटक उभेच राहिले नसते. १९२० मध्ये दारुलबेदायी या नाट्यसंस्थेतील मुस्लिम अभिनेत्री अफिफे जाले यांनी ती बंदी मोडली. त्यापायी त्यांनी पोलिसांचा ससेमिरा सोसला, संस्थेतील जागा गमावली आणि १९४१ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. १९२३ मध्ये दिग्दर्शक मुहसिन एर्तुग्रुल यांच्या चित्रपटातून बेदिया मुवाहित आणि नेय्यिरे नेयिर या मुस्लिम अभिनेत्री पडद्यावर आल्या, ती वाट अफिफे यांनीच मोकळी केली होती, असे माझे ठाम मत आहे.