फोटो नको, आधी कॅलिपर काढा!

"हे कुठलं रॉकेट आहे?" असा प्रश्न आणि सोबत एकच फोटो. कागदी नळीचं, छोट्या इंजिनावर उडणारं मॉडेल रॉकेट सोफ्यावर आडवं, मागचं टोक उशीखाली, फिन (शेपटीचे पंख) तीन की चार ते कळायला मार्ग नाही. शेजारी पट्टी सोडा, साधं नाणंही ठेवलेलं नाही. अहो, आम्ही काय कुंडली मांडून सांगायचं?

अमेरिकेतल्या गराज सेलमधून खोकं भरून जुनी मॉडेल रॉकेट्स उचलायची आणि ओळखायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. बरं, घाला. पण मापं तरी द्या! या धंद्यात सगळं मापावर चालतं. मॉडेल रॉकेटं बनवणाऱ्या एस्टेस कंपनीची बीटी-२० ट्यूब, म्हणजे रॉकेटची नळी, बाहेरून ०.७३६ इंच, म्हणजे १८.७ मिमी. दुसरी कंपनी सेंच्युरी, तिची एसटी-७ ०.७५९ इंच, म्हणजे १९.३ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. १८ मिमीचं इंजिन दोन्हींत बसतं, त्यामुळे "इंजिन बसलं, म्हणजे एस्टेसच" हे छातीठोक विधान करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. नोज कोन (पुढचं निमुळतं टोक) काढा आणि ट्यूबच्या तोंडाशी कागदाची जाडी मोजा. बीटी-२० ची भिंत जेमतेम ०.३३ मिमी, एसटी-७ ची साधारण ०.५५. एक मिनिटाचं काम. कॅलिपर (चिमट्यात धरून जाडी मोजायचं उपकरण) मात्र एकदाच लावून मोकळं होऊ नका. जुनी ट्यूब दबून लंबगोल झालेली असते, म्हणून ९० अंशांत फिरवून दोनदा मोजा. आणि शिंप्याची टेप लावून "अंदाजे पाऊण इंच" कळवणार असाल तर कळवूच नका.

यावर कुणीतरी शहाणा बीटी-६० आणि एसटी-१६ या दोन जाड ट्यूबांतला फरक कॅलिपरने सांगायला धावतोच. १.६३७ आणि १.६४० इंच! तीन हजारांश इंचाचा फरक, रंगाचा एक जाड हात त्याहून जास्त भरतो. तिथे माप बाजूला ठेवा, फिनचा आकार आणि नोज कोन बघा, आणि मुख्य म्हणजे मागून बघा. एस्टेसचं जुनं रेंजर आणि बिग बर्था बाजूने जुळ्या बहिणी वाटतात, पण रेंजरच्या बुडाशी तीन इंजिनांची जागा असते, बर्थाच्या एकाचीच. मागच्या टोकाचा एक फोटो पाठवला की प्रश्न मिटला. पण नाही, तोच फोटो कधी येत नाही.

विकणारे तर त्याहून वरताण. सॅटर्न ५ च्या खोक्यावर १९६९ छापलंय, म्हणून "१९६९ चं अस्सल, दुर्मीळ" असं ठोकून द्यायचं. तो किटचा (घरी जोडायच्या संचाचा) क्रमांक आहे हो! अपोलो ११ ला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१९ साली, एस्टेसने १:१०० मापाचं सॅटर्न ५ पुन्हा काढलं आणि मुद्दाम हा क्रमांक दिला. खऱ्या १९६९ च्या किटचा क्रमांक के-३६. आणि खोक्यावर बारकोड दिसत असताना १९६९ म्हणताना जीभ कशी अडखळत नाही? दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला तोच १९७४ मध्ये. तसंच "१९६४ चं किट" म्हणून पिशवीवरचं कार्ड दाखवायचं आणि त्या कार्डावर डेमन कंपनीचं नाव! डेमनने एस्टेस विकत घेतली १९६९ मध्ये.

किट नंबरांचंही तेच. बिग बर्था आधी के-२३, मग १२२३, पुढे १९४८. अल्फा के-२५, मग १२२५. एकच रॉकेट वर्षानुवर्षं विकलं गेलंय, त्यामुळे नुसतं नाव सांगून वय कळत नाही. नंबर सांगा, तोही कार्डावर छापलाय तसाच, "के" सकट.

आणि तो टिंब! जुन्या सूचनापत्रात इंजिन लिहिलेलं असतं ए.८-३. त्यातला ".८" म्हणजे सरासरी ०.८ पौंड जोर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जोर पौंडांऐवजी न्यूटनमध्ये लिहू लागले, आणि त्यानंतरच्या कागदावर ए८-३, टिंबाशिवाय. कागदाचं वय सांगणारी सगळ्यात सोपी खूण त्या एका टिंबात आहे, आणि हे लोक धुरकट फोटोवरून वाचून टिंब गाळून पाठवतात. (खोक्यात जुनी इंजिनं सापडली तर पेटवू नका. वर्षानुवर्षं थंडी-ऊन खाऊन आतल्या स्फोटक दारूला भेगा पडतात, कवच फुटतं आणि रॉकेटच्या चिंध्या होतात.)

"सीलबंद" म्हणून विकलेली किटची पिशवी उजेडात धरा. स्टेपल चकचकीत, पण शेजारी गंजाचे दोन बारीक ठिपके आणि रिकामी भोकं? म्हणजे पिशवी उघडून पुन्हा टाचलीय, आत लाँच लग (उडवताना दांडीवर ओवायची बारीक नळी) आहे की नाही देव जाणे. बाल्साच्या फिनची कड तपकिरी, करपल्यासारखी? मग ती लेझरने कापलेली, अलीकडची. जुन्या फिन डायने, म्हणजे धारदार साच्याने, दाबून कापायचे. त्यांची कड चिरडलेली असते, कधी बाल्साचे तंतू तुटून लोंबतात.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "आधी साफ केलं" म्हणणाऱ्यांवर. रंग घासला, डिकल (चिकटवलेली नावं-चित्रं) खरवडले, आणि आता विचारताय कुठलं रॉकेट? डिकल गळून पडलं तरी रंगावर त्याची चौकट राहते. टॉर्च आडवा धरून तिरपा उजेड टाकला की अक्षरांचा उठाव सुद्धा दिसतो, कधी अख्खं नाव वाचता येतं. तेच तुम्ही दोनशे नंबरच्या पॉलिश पेपरने उडवलंत. आता द्या तो गुळगुळीत दांडका पोरांना खेळायला.