‘ज्याचा त्याचा अर्थ’ म्हणून सुटका होत नाही

साहित्यावरची चर्चा जरा रंगली की कुणीतरी एक ठरलेला मजकूर आणून टाकतंच. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: कवितेचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, त्यात चूक-बरोबर असं काही नसतं, समीक्षक लेखकाच्या मनातही नसलेलं काहीबाही काढतात, चिरफाड केली की आनंद संपतो, आणि टीका करायचीच असेल तर आधी स्वतः लिहून दाखवा. मजकूर नम्र वाटतो, सगळ्यांना सामावून घेणारा वाटतो, म्हणून भराभर पुढे जातो.

यातली दोन विधानं शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतं, वाचकाने हवा तो अर्थ लावावा. दुसरं म्हणतं, लेखकाच्या मनात नव्हता तो अर्थ लावू नये. दोन्ही एकदम खरी असणं शक्य नाही. तरीही ती एका दमात म्हटली जातात, कारण दोघांचा उपयोग एकच आहे: समोरच्याने “हे कशावरून म्हणता?” असं विचारलं की विषय बंद करता येतो.

‘चूक-बरोबर असं काही नसतं’

अर्थ अनेक असतात, यात वादच नाही. पण अनेक म्हणजे वाटेल ते नव्हे. गीतेचंच बघा. त्याच सातशे श्लोकांत शंकराचार्यांना ज्ञान आणि संन्यास दिसला, रामानुजांना भक्ती, टिळकांना कर्मयोग. ‘ज्याचा त्याचा अर्थ’वाले हे उदाहरण हमखास देतात. मात्र यातला कुठलाही भाष्यकार ‘मला असं वाटलं’ एवढ्यावर थांबलेला नाही. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात टिळक मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या शास्त्रकारांची, कसोटी पुढे ठेवतात. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचं तर उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, पाहा. पुन्हापुन्हा काय सांगितलंय, नवं काय सांगितलंय, फळ कोणतं निघालं, नुसत्या स्तुतीचा भाग कुठला आणि युक्तिवादाचा कुठला, हे वेगळं करा. मग ते दाखवतात की आरंभी अर्जुन लढायला नकार देतो आणि अखेरीस ‘करिष्ये वचनं तव’, म्हणजे ‘तू सांगशील तसं करीन’, म्हणून उभा राहतो. ज्या ग्रंथाचं फळ हे, तो कर्म सोडायला सांगत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष पटला नाही तरी चालेल, अनेकांना पटलेला नाही. पण तो खोडायला श्लोकांकडेच परत जावं लागतं. टिळकांना ‘तुमचा अर्थ तुमच्यापाशी’ म्हणणं हे त्यांचं खंडनही नाही आणि त्यांचा मानही नाही. कुणी म्हणेल, धर्मग्रंथाचे नियम कथा-कवितेला कशाला? एक मी रचलेलं वाक्य घेऊ. एखादी कथा अशी सुरू होते: “आई गेल्यापासून घड्याळाला कुणी किल्ली दिली नाही.”

एक वाचक म्हणेल, हे शोकाचं वाक्य आहे, घरातली वेळच थांबली आहे. दुसरी म्हणेल, नाही, हा आळसाचा पुरावा आहे. घरातलं न दिसणारं काम एकटी आई करत होती आणि ‘कुणी’ या शब्दाआड सांगणारा स्वतःही लपला आहे. मला दुसरं वाचन जास्त आवडतं, पण वाक्य दोन्ही तोलतं. तिसऱ्याने हे विज्ञानाच्या पराभवाचं रूपक ठरवलं, तर त्याला रोखायला कायदा नाही. फक्त वाक्यातला एकही शब्द त्याच्या मदतीला येणार नाही. आता दुसरं वाक्य: “किल्ली कुठे असते, हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.” आळसाचं वाचन इथे डळमळतं. किल्ली द्यायची तर कुणालाही देता आली नसती. आई राबणारी होती, तशीच घरावर ताबा ठेवणारीही होती, असं चित्र पुढे येतं. मी पहिल्या वाक्यावर जो अर्थ लावला होता तो मला दुसऱ्या वाक्याने बदलायला लावला. जो अर्थ पुढच्या ओळीने हलतच नाही, तो वाचण्यातून आलेला नसतो, आधीच खिशात असतो.

1929 साली इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात याचा पुरावाच मांडला. केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवींची नावं काढून कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. पुस्तकात अशा तेरा कविता आहेत. नावाजलेल्या कवींच्या कविता कित्येकांनी मोडीत काढल्या आणि सामान्य कवितांवर स्तुतिसुमनं उधळली. रिचर्ड्स यांनी चुकांची कारणं नोंदवली: साधा वाच्यार्थच न लागणं, स्वतःच्या आठवणी कवितेत घुसवणं, ठरावीक शब्द दिसला की ठरावीक भावना उसळणं, आपल्या मतांशी जुळतं म्हणून कविता चांगली ठरवणं. अभिप्रायांचे नमुने वाचताना हसू येतं आणि मग लक्षात येतं की आजचे अभिप्रायही असेच असतात.

‘लेखकाला तसं म्हणायचंच नव्हतं’

हे आपल्याला कळलं कसं? पुष्कळदा लेखक हयात नसतो, आणि असला तरी त्याचं उत्तर कायम एकच असेल याची खात्री नाही. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांनी आपल्या ‘फॅरनहाइट 451’ या कादंबरीबद्दल 1956 साली रेडिओवर सांगितलं की पुस्तकं जाळण्याच्या तेव्हाच्या भीतीतून ती लिहिली. 2007 साली मुलाखतीत म्हणाले, ती सरकारी सेन्सॉरशिपबद्दल नाहीच, टीव्हीमुळे वाचन संपतं याबद्दल आहे. कुठल्या ब्रॅडबरींची आज्ञा पाळायची? कादंबरीत अग्निशामक पुस्तकं जाळतात आणि टीव्हीचे भिंतीएवढे पडदेही आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी तिथेच बसून वाचता येतात. विम्झॅट आणि बिअर्ड्सली या अमेरिकन अभ्यासकांनी 1946 सालीच म्हटलं होतं की लेखकाचा हेतू हा कृतीचं मोजमाप करायला ना हाताशी असतो ना योग्य असतो. हे टोकाचं आहे असं मानणारेही आहेत, आणि लेखकाने लिहिलेली पत्रं, खर्डे वाचायला माझीही ना नाही. पण ती साक्ष आहे, निकाल नाही.

‘चिरफाडीने आनंद मरतो’

या तक्रारीत खरी वेदना आहे आणि ती शाळेतून येते. एकच ‘मध्यवर्ती कल्पना’, पाठ करून लिहायची, गुण मिळवायचे. त्याने कविता नकोशी होते, मान्य. पण तो राग विश्लेषणावर काढण्यात चूक आहे, कारण त्या उत्तरात विश्लेषण नसतंच, ते दुसऱ्याचं उतरवलेलं असतं.

सहृदय हा शब्द आपण ‘मऊ मनाचा’ अशा अर्थाने वापरतो. काश्मीरचे जुने काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त यांनी त्याची व्याख्या केली ती अशी: काव्याच्या सतत अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि वर्ण्य विषयाशी जे तन्मय होऊ शकतात, ते. व्याख्येतच अभ्यास आणि तन्मयता एका पायरीवर आहेत. शिवाय ते रसात, म्हणजे काव्य-नाट्याच्या आस्वादात, येणारी सात विघ्नं सांगतात. त्यातलं एक म्हणजे आपल्याच सुखदुःखात गुरफटून जाणं. रिचर्ड्स यांच्या सुमारे नऊ शतकं आधी काश्मीरमध्ये हेच निदान झालं होतं! मजकुरातला ‘मला जे वाटलं तोच अर्थ’ अभिनवगुप्तांच्या यादीत विघ्न म्हणून येतो.

‘आधी स्वतः लिहून दाखवा’

याला फार वेळ द्यायची गरज नाही. संस्कृत कवी आणि काव्यशास्त्रकार राजशेखरांनी दहाव्या शतकाच्या आसपास ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार केले: कारयित्री, म्हणजे कवीची, आणि भावयित्री, म्हणजे वाचकाची. दोन्ही एकाच व्यक्तीत क्वचित सापडतात, हेही तिथे आहे. एका दगडातून सोनं निघतं, ते पारखायला दुसरा दगड लागतो, असं वचन त्यांनी दिलं आहे.

त्याच प्रकरणात भावकांचे, म्हणजे काव्य वाचून पारखणाऱ्यांचे, चार प्रकार आहेत. अरोचकी, म्हणजे काहीच न रुचणारा, सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सगळं गिळणारा, मत्सरी, आणि तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे खऱ्या मर्मापाशी पोचणारा. चौथा दुर्मिळ असतो, असं राजशेखर म्हणतात. तो मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक पहिल्याला शिव्या घालत असतात आणि दुसऱ्यात मोडतात.