फ्लुओरोकार्बन अदृश्य नसतो: बार्बेलच्या गळाजवळच्या दोऱ्याबद्दल

16 जून जवळ आला की एक मजकूर दरवर्षी पुन्हा फिरायला लागतो. इंग्लंडमधल्या नद्यांवरची तीन महिन्यांची मासेमारीबंदी 15 जूनला संपते. इथे राहणारी आपली गळानं मासे गरवणारी मंडळी सामानाची जुळवाजुळव करता करता एकमेकांना तो पाठवत राहतात. थोडक्यात तो असा: स्वच्छ नदीत बार्बेल हा मिशाळ मासा धरायचा तर गळाजवळचा दोरा फ्लुओरोकार्बन या पारदर्शक प्लॅस्टिकचाच हवा, कारण तो पाण्यात अदृश्य होतो. बार्बेल दोरा बघूनच पळतो. ब्रेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेला दोरा, त्याला दोरखंडासारखा दिसतो. साधा नायलॉन आता कालबाह्य झाला. आणि पाणी जितकं नितळ तितका दोरा बारीक घ्या, चार-पाच पौंडांचा, म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारा, पुरे.

यातली पहिली चार वाक्यं चुकीची किंवा अर्धवट आहेत. पाचवं माशाच्या जिवावर उठणारं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

नवख्यांसाठी एवढंच, की दोरा तळाला नेणारं वजन आणि गळ यांच्यामधला शेवटचा हात-दीड हात दोरा म्हणजे हुकलिंक. वाद सगळा त्याचा आहे.

आधी 'अदृश्य'. पारदर्शक वस्तू पाण्यात किती दिसते, हे तिचा अपवर्तनांक (ती उजेड किती वाकवते त्याचा आकडा) पाण्याच्या किती जवळ आहे यावर बरंचसं ठरतं. पाण्याचा 1.33, फ्लुओरोकार्बनचा साधारण 1.42, नायलॉनचा 1.53 किंवा थोडा जास्त. म्हणजे फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा पाण्याला जवळचा आहे, यात वाद नाही. पण जवळचा म्हणजे सारखा नव्हे. बर्फाचा अपवर्तनांक 1.31 आहे. पाण्याला तो फ्लुओरोकार्बनपेक्षा चौपट जवळ, तरीही पेल्यातला नितळ बर्फाचा खडा आपल्याला दिसतोच. कडा दिसतात, उजेड वाकलेला दिसतो. मी घरी काचेच्या पसरट भांड्यात नदीतून आणलेले खडे घातले, वर पाणी ओतलं आणि दोन्ही दोरे टाकून खिडकीत ठेवले. फ्लुओरोकार्बन किंचित फिका दिसला, एवढाच फरक. ऊन आलं तेव्हा दोघांचीही सावली भांड्याच्या तळाशी पडली, आणि सावली दोऱ्यापेक्षा ठळक होती. उथळ, उन्हाळी नदीत खडीवर हेच होतं. हे कुणीही पाच मिनिटांत घरी करून बघावं.

आता 'बार्बेल दोरा बघूनच पळतो'. बार्बेलचं तोंड बघा. थोबाडाच्या खाली, मागे वळलेलं. वरच्या ओठाला चार मिशा, त्यांच्यावर चव कळणाऱ्या पेशी. डोळे वर, दोन्ही बाजूंना. आमिष तोंडात जातं त्या क्षणी ते त्याला दिसतच नाही. तो ते मिशांनी चाचपून, चव घेऊन उचलतो. आपल्याकडच्या महसीरलाही अशाच मिशा असतात. त्याची गणनाही पूर्वी बार्बेलच्याच बार्बस प्रजातीत व्हायची. शिवाय बार्बेलचा खाण्याचा खरा वेळ तिन्हीसांजेपासून पुढे. अंधारात पारदर्शकतेचं काय घेऊन बसलात?

मग स्वच्छ पाण्यात तो बिचकतो ते कशाला? बिचकतो हे तर खरं आहे. हॅम्पशर एव्हन नदीवर एका लाकडी साकवावरून मी ते बघितलंय. डोळ्यांना पाण्यावरची चमक घालवणारा पोलराइज्ड चष्मा, खाली साडेतीन-चार फूट पाणी, पाणवेलीच्या दोन लांब झुपक्यांमध्ये खडीचा मोकळा पट्टा. भांगेचं शिजवलेलं बी टाकलं होतं आणि त्यावर पाच बार्बेल आले होते. खाताना मासा तिरका झाला की त्याची पितळी कूस क्षणभर चमकायची. माझा दोरा दहा पौंडांचा फ्लुओरोकार्बन, रिळावरून काढला तसाच बांधलेला. तो खडीला टेकलाच नव्हता. रिळाचा पीळ त्याच्यात राहिला होता आणि तळापासून बोटभर उंच अशी कमान झाली होती. एक मासा त्या कमानीच्या कडेनं सरकला, त्याचा छातीजवळचा पर दोऱ्याला लागला, आणि पाचही मासे वेलीखाली गायब. दोरा दिसला म्हणून नव्हे, लागला म्हणून. पुढचा पाऊण तास तिथे काही हललं नाही.

त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न 'दोरा दिसतो का' हा नसतो, 'दोरा झोपतो का' हा असतो. आणि गंमत म्हणजे फ्लुओरोकार्बनचा खरा गुण याच बाबतीत आहे, पण तो मजकूर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो जड आहे. पाण्याची घनता 1 धरली तर नायलॉन 1.14, फ्लुओरोकार्बन 1.78, आणि ब्रेड ज्या पॉलिथिलीनच्या तंतूंचा असतो ते 0.97, म्हणजे तरंगणारे. फ्लुओरोकार्बन आपल्या वजनानं तळाला जातो; फक्त त्याचा ताठरपणा आणि पीळ आधी काढावा लागतो. बांधून झाल्यावर ताणून धरा, चिमटीत घेऊन बोटांच्या उबेनं दोन-तीनदा सरळ करा, आणि मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी टंगस्टनची पुटी (जड, मऊ लुकण) लावा. (शिशाच्या बारीक गोळ्या लावायची आपली सवय इथे चालत नाही, 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाला, अगदी धुळीएवढे मणी सोडले तर, 1987 पासून बंदी आहे.) वजनापासून वर काठीपर्यंत जाणारा मुख्य दोरा तर त्याहून महत्त्वाचा. दीड हात हुकलिंकची चिंता करायची आणि पाण्यात तिरकी ताणलेली आठ-दहा वाव दोरी तशीच सोडायची, याला काय अर्थ? वजनाच्या मागे तीन-चार फुटांवर तोही तळाला दाबून घ्या.

ब्रेडबद्दल. तो दिसतो, कबूल. पण खडीवर वेलीचे तुटके धागे, मुळं, काड्या पडलेल्याच असतात. मातकट रंगाचा ब्रेड त्यांतलाच एक वाटतो. त्याचा मऊपणा मोलाचा आहे. मासा आमिष ओढून घेतो तेव्हा ते अडखळत नाही. मला ब्रेडची भीती वाटते ती वेगळ्याच कारणानं. केनेट आणि एव्हन या चुनखडीच्या प्रदेशातल्या नद्या, आणि त्यांच्या तळाला गारगोटी असते. फुटलेल्या गारगोटीची धार काचेसारखी. ब्रेड म्हणजे केसाहून बारीक तंतूंची वेणी. धारेवर घासला की एकेक तंतू तुटत जातो आणि वरून लवकर कळत नाही. शिवाय काही पाण्यांवर ब्रेडला मनाईच असते, तेव्हा परवान्यावरचे नियम वाचून जावं. माझा मार्ग मधला: वजनाकडून बहुतेक लांबी फ्लुओरोकार्बन, आणि गळाजवळ फक्त चार-पाच इंच ब्रेड. तळाला घासणारा भाग एकसंध राहतो आणि आमिषापाशी मऊपणा मिळतो.

नायलॉन कालबाह्य वगैरे काही नाही. त्याला ताण सोसतो, तो स्वस्त आहे, गाठ छान बसते. भिजल्यावर थोडा अशक्त होतो, म्हणून दोन पौंड जास्तीचा घ्यावा, झालं. माझे आजोबा कर्लीच्या खाडीत तंगुसानं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यानं, गरवायचे आणि प्रत्येक गाठ आवळण्याआधी तोंडात धरून ओली करायचे. ती सवय फ्लुओरोकार्बनला नायलॉनपेक्षाही जास्त लागते. कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेनं तो तिथेच कमजोर होतो. 'फ्लुओरोकार्बन तुटला' अशा तक्रारींमध्ये मी बघितलेली दुमडलेली, पांढरी पडलेली टोकं बहुतेक गाठीचीच होती.

आणि आता ते चार-पाच पौंडांचं वाक्य. बार्बेल हा प्रवाहात राहणारा, पिळदार अंगाचा मासा आहे. लागला की सरळ वेलीत किंवा झाडाच्या मुळांत घुसतो, आणि दमला तरी हार मानत नाही. अंगातली सगळी ताकद तो संपवतो. जून-जुलैत पाणी कमी, ऊबदार, प्राणवायू कमी. अशा वेळी बारीक दोऱ्यावर त्याला पंधरा-वीस मिनिटं खेळवायचं म्हणजे काय करायचं, हे तो मजकूर लिहिणाऱ्यानं एकदा हातात मासा धरून बघावं. सोडताना मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात सरळ धरून ठेवते. कल्ले उघडमीट करत असतात, पण हात जरा सैल केला की तो कुशीवर कलंडतो. पुन्हा धरायचं. कधी पाच मिनिटं, कधी त्याहून पुष्कळ जास्त. मग शेपटीचा एक झटका हाताला जाणवतो आणि तो जातो. दोरा जाड असेल तर झुंज लवकर संपते आणि हे धरून बसणंही कमी होतं.

बारीक दोरा तुटला तर त्याहून वाईट. ओठात गळ, मागे लोंबणारा दोरा, आणि तो दोरा वेलीत अडकला तर मासा तिथेच बांधला गेला. फ्लुओरोकार्बन पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही. म्हणून वेली-मुळांच्या नदीत माझा हुकलिंक दहा पौंडांच्या खाली जात नाही, मुख्य दोरा बाराचा, म्हणजे तुटलाच तर खालीच तुटेल, लांब शेपूट माशामागे जाणार नाही. गळ टोकाला उलटा काटा नसलेला. तेवढ्या जाडीला मासे बिचकतील असं वाटलं, तर दोरा बारीक करण्याऐवजी ऊन उतरेपर्यंत थांबते, किंवा बी टाकून अर्धा-पाऊण तास गळच टाकत नाही. मासे बिनधास्त खायला लागले की दहा पौंडांच्या दोऱ्याचं त्यांना काही वाटत नाही.

प्रत्येक मासा सोडल्यावर हुकलिंकचे शेवटचे दोन फूट मी नखावरून ओढून बघते. कुठे बारीकशी खरखर लागली की तो कापून खिशात टाकायचा आणि नवा बांधायचा. या मोसमासाठी असे वीस बांधून, सरळ ताणून फोमच्या पट्टीवर लावून ठेवलेत.