कोड वापरायची परवानगी आहे, माणूस राबवायची नाही

एखाद्या ओपन सोर्स मेंटेनरने, म्हणजे सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड सांभाळणाऱ्याने, मोठ्या टेक कंपन्यांविरुद्ध तोंड उघडलं की एक ठरलेलं उत्तर सगळीकडे फिरू लागतं. त्याचा गोषवारा असा: लायसन्स तुम्हीच दिलंत, मग आता कुरकुर कसली? सगळ्यात जास्त कोड आणि पैसा तर याच कंपन्या देतात. त्यांच्या सिक्युरिटी टीम तुमच्या चुका फुकटात शोधून देतात. इतकं पटत नसेल तर लायसन्स बदला. उघड्यावर ठेवलेला कोड एआयने वाचला तर बिघडलं कुठे? आणि हजारो लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचे तयार कोड) वापरात असताना पैसे देणार तरी कोणाकोणाला?

यातला जवळपास प्रत्येक मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो इतका पसरतो. उरलेल्या अर्ध्याची किंमत जे मोजतात, त्यांच्याच कोडवर आपण सगळे रोज विसंबून असतो. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासू.

"लायसन्स तुम्हीच दिलंत"

दिलं, आणि ते परत मागायचा प्रश्नच नाही. ओपन सोर्स कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची व्याख्या १९९८ पासून स्पष्ट सांगते की कोणत्याही कामासाठी, धंद्यासाठीसुद्धा, कोड वापरायला लायसन्स मज्जाव करू शकत नाही. एमआयटी किंवा अपाची लायसन्स लावून कोड खुला केल्यावर एखाद्या कंपनीने त्यावर अब्जावधी कमावले म्हणून तिला चोर म्हणणं मलाही मान्य नाही.

पण एमआयटी लायसन्स शेवटपर्यंत वाचा. पानभरसुद्धा नाही. आधी परवानगी, मग कॉपीराइटची सूचना सोबत ठेवायची अट, आणि शेवटी कॅपिटल अक्षरांत असं की सॉफ्टवेअर आहे तसं दिलेलं आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही. कोड घ्या, पण माझ्या वेळेवर हक्क सांगू नका, असा तो साधा व्यवहार आहे. पुष्कळ कंपन्या पहिला भाग पुरेपूर वापरतात आणि शेवटचा भाग लिहिलेलाच नाही असं वागतात.

जानेवारी २०२२ मधला एक ईमेल बघा. महिनाभर आधी लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भयंकर दोष सापडला होता आणि जगभर धावपळ चालू होती. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या कर्ल या प्रोग्रॅमचे मुख्य मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या अमेरिकी कंपनीकडून प्रश्नांची यादी आली. तुमचं उत्पादन लॉगफोरजे वापरतं का, कोणत्या आवृत्तीत, आमच्या माहितीला धोका पोहोचला का, दुरुस्ती कधी? उत्तर २४ तासांत हवं. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, त्याचा या जावा लायब्ररीशी काडीचा संबंध नाही. कंपनीने स्टेनबर्ग यांना कधी पैसे दिलेले नव्हते, कसला करारही नव्हता. ईमेलच्या विषयात तर लायब्ररीचं नावसुद्धा चुकीचं होतं. स्टेनबर्ग यांनी शांतपणे कळवलं की आधी सपोर्टचा करार करू, मग आनंदाने उत्तरं देतो.

त्या ईमेलमागे कोणाचा दुष्टपणा असेल असं मला वाटत नाही. कंपनीतल्या कोणीतरी सगळ्या पुरवठादारांना एकच मजकूर पाठवला असणार. खरी गोची तिथेच आहे. कंपनीच्या वहीत तो माणूस पुरवठादार म्हणून नोंदलेला आहे, फक्त पुरवठादाराला द्यायची रक्कम त्या नोंदीत कुठेच नाही.

"सगळ्यात जास्त कोड आणि पैसा कंपन्याच देतात"

हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यावर जास्त थांबतो. लिनक्स कर्नलमधले बहुतेक बदल आज पगारी इंजिनिअर करतात, हे खरं. कुबरनेटिस गूगलमधून आलं, रिअ‍ॅक्ट फेसबुकमधून, टाइपस्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टमधून. हे देणं खोटं नाही आणि मी ते कमी लेखत नाही.

पण ते कुठे जातं ते पाहा. ज्या प्रकल्पाची दिशा ठरवण्यात कंपनीचा फायदा आहे, ज्याच्याभोवती तिचं क्लाउड किंवा जाहिरातीचा धंदा उभा आहे, तिथे माणसंही जातात आणि पैसाही. त्याच्या खालच्या थरात डेटा दाबून लहान करणारी, एक्सएमएल वाचणारी, तारखा जुळवणारी, सांकेतिक संपर्क सांभाळणारी निमूट कामं असतात. ती कोणाचंच 'आपलं उत्पादन' नसतात.

ओपनएसएसएलचंच घ्या. इंटरनेटवरचे कितीतरी सर्व्हर त्याच्या भरवशावर सुरक्षित संपर्क ठेवत होते. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघड झाला. दोष समजायला सोपा आहे. दोन संगणक अधूनमधून एकमेकांना 'आहेस ना?' असं विचारतात. विचारणारा एक तुकडा पाठवतो, त्याची लांबी सांगतो, आणि समोरच्याने तोच तुकडा परत करायचा. लांबी खरी आहे का, हे ओपनएसएसएल तपासतच नव्हतं. एक अक्षर पाठवून '६४ हजार पाठवली' असं सांगितलं, की सर्व्हर आपल्या मेमरीत शेजारी पडलेली जवळपास तेवढी अक्षरं परत करायचा. त्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्याही. दोन वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या काळात प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक.

पुढचा भाग या युक्तिवादात कधी येत नाही. बातमी फुटल्यावर तीन आठवड्यांच्या आत लिनक्स फाउंडेशनने एक निधी जाहीर केला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अ‍ॅमेझॉन यांच्यासह डझनभर कंपन्यांनी वर्षाला किमान एक लाख डॉलर, तीन वर्षं देऊ असं कबूल केलं. चांगलंच झालं. पण याचा अर्थ पैसा होता, द्यायची सोय करता येत होती, कोणाला द्यायचा हेही कळत होतं. आग लागेपर्यंत कोणी दिला नाही, एवढंच.

योगदान ओळींनी मोजणंही मला पटत नाही. कंपनीचा इंजिनिअर नवं फीचर लिहून देतो तेव्हा तिच्या नावावर शंभर ओळी जमा होतात. त्या ओळी तपासणं, पुढची दहा वर्षं त्या चालू ठेवणं, त्यातून निघणाऱ्या तक्रारींना उत्तरं देणं मेंटेनरच्या खात्यावर पडतं, आणि त्याचा आलेख कुठल्याच वार्षिक अहवालात येत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हिशोब मांडला. सर्वत्र वापरला जाणारा ओपन सोर्स कोड एकदाच नव्याने लिहायचा तर सुमारे ४.१५ अब्ज डॉलर लागतील. प्रत्येक कंपनीला आपापला लिहावा लागला तर ८.८ लाख कोटी डॉलर. आणि या दुसऱ्या किमतीतला ९६ टक्के वाटा अवघ्या ५ टक्के प्रोग्रॅमरांच्या कामातून येतो. इतकं मोठं ओझं इतक्या थोड्या खांद्यांवर असताना 'आम्हीही कोड देतो' हे उत्तर पुरत नाही.

जाता जाता आणखी एक. दिलेलं सगळंच मोकळं असतं असं नाही. अँड्रॉइडचा पाया खुला आहे, पण त्यावरचे गूगलचे अ‍ॅप हवे असतील तर अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्यांवर चालणारे फोन विकायचे नाहीत, अशी अट फोन बनवणाऱ्यांवर होती. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला ४.३४ अब्ज युरो दंड केला, त्यामागच्या कारणांत ही अट होती. २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने रक्कम थोडी कमी केली, निर्णय मात्र बहुतांशी कायम ठेवला.

"कंपन्यांच्या सिक्युरिटी टीम फुकटात चुका शोधून देतात"

दोष शोधणं चांगलंच आहे. तो लपून राहण्यापेक्षा कळलेला कधीही बरा. पण शोधणं आणि दुरुस्त करणं ही दोन कामं आहेत. पहिल्याला पगार आहे, दुसऱ्याला नाही.

२०२५ मध्ये गूगलच्या एआयने एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात एक दोष शोधला. लुकासआर्ट्सच्या १९९५ सालच्या एका गेमचे व्हिडिओ उलगडणाऱ्या भागात तो होता. आज ते व्हिडिओ पाहणारे किती असतील? तरी सिक्युरिटीचा शिक्का बसला, की ठरावीक मुदतीनंतर सगळं जाहीर होणार ही टांगती तलवार येते आणि स्वयंसेवकांना हातातलं काम सोडावं लागतं. त्याच वर्षी लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीच्या मेंटेनरने जाहीर केलं की सुरक्षेच्या तक्रारी यापुढे इतर बगसारख्याच हाताळणार, गुप्ततेच्या मुदती पाळणार नाही. दर आठवड्याचे कित्येक तास त्यातच जात होते, आणि ही लायब्ररी बड्या कंपन्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसलेली आहे. दोष सांगताना सोबत पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, द्या, किंवा दुरुस्तीचे पैसे द्या. ज्यांच्याकडे दोष शोधणारी यंत्रं आणि शंभर इंजिनिअर आहेत, त्यांना हे जड नाही.

इथे कोणीतरी हमखास एक्सझेडचं उदाहरण देतं. मार्च २०२४ मध्ये डेटा दाबून लहान करणाऱ्या या लायब्ररीतलं, हल्लेखोराने बसवलेलं छुपं दार मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने पकडलं, हे खरं. आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या करत होते. एसएसएचने (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं आणि ते खणत गेले. ते श्रेय त्यांच्या चिकाटीचं आहे. कंपनीच्या कुठल्या योजनेतून एक्सझेडची तपासणी चालू नव्हती.

आणि ते दार बसलं कसं? एक्सझेड एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता. हा छंदाचा प्रकल्प आहे, तब्येतीमुळे वेळ देता येत नाही, असं त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. काही खात्यांवरून त्याच्यावर दबाव येत होता की काम जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याच काळात जिया टॅन या नावाने वावरणारा कोणी नेमाने पॅच पाठवत होता, सौजन्याने वागत होता, कामाला तयार होता. त्याला हळूहळू अधिकार मिळाले आणि दोनेक वर्षांनी त्याने दार बसवलं. दमलेल्या मेंटेनरच्या शेजारी एखाद्या कंपनीचा पगारी माणूस असायला हवा होता. ती जागा रिकामी होती, म्हणून हल्लेखोराला ती मिळाली.

"पटत नसेल तर लायसन्स बदला"

ज्यांनी बदललं, त्यांच्यातल्या सगळ्यांची बाजू मी घेत नाही. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये लायसन्स आवळलं. या गुंतवणूकदारांच्या पैशावर उभ्या कंपन्या आहेत. बाहेरच्यांनी खुल्या लायसन्सच्या भरवशावर दिलेला कोड त्यांनी नंतर कुंपणात घेतला. त्यांच्या जुन्या खुल्या कोडवरून ओपनसर्च, ओपनटोफू, वॅल्की असे फोर्क, म्हणजे वेगळ्या आवृत्त्या, निघाल्या ते योग्यच झालं. इलास्टिक आणि रेडिसने पुढे एजीपीएलचा पर्याय देऊन पाऊल मागे घेतलं.

एकट्या मेंटेनरला मात्र हा सल्ला देणं क्रूर आहे. एजीपीएल या लायसन्समधली खास अट अशी, की बदललेला कोड सर्व्हरवर चालवून लोकांना सेवा दिलीत तर त्या बदललेल्या आवृत्तीचा कोड त्यांना उघड करा. गूगलचं जाहीर धोरण सांगतं की असा कोड कंपनीत वापरायचा नाही. बॅश या शेलने (टाइप करून संगणकाला आज्ञा द्यायचा प्रोग्रॅम) जीपीएल ३ हे, कोड पुढे देताना तो खुलाच ठेवायला लावणारं लायसन्स स्वीकारल्यावर अ‍ॅपल मॅकवर त्याआधीची ३.२ हीच आवृत्ती देत राहिली, आणि २०१९ मध्ये तिने डीफॉल्ट शेलच बदलला. तो त्यांचा अधिकार आहे. पण परतफेडीची अट घालणारं लायसन्स दाराबाहेर ठेवायचं, त्यामुळे नवे लेखक 'कोणी वापरावं' म्हणून एमआयटीच निवडतात, आणि मग त्यांनाच 'तुम्हीच निवडलंत' म्हणून सुनवायचं, याला मोकळी निवड म्हणता येत नाही.

"कोड उघडा होता, एआयने वाचला"

कायद्याचा निकाल काय लागायचा तो लागो. खुल्या कोडवर शिकवलेलं, कोड लिहून देणारं गिटहब कोपायलट हे एआय २०२१ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये त्यावर कॅलिफोर्नियात दावा झाला. त्यातले बरेचसे आरोप न्यायालयाने फेटाळले. पण एमआयटी लायसन्सने मागितलेली एकमेव गोष्ट होती लेखकाची सूचना सोबत ठेवणं. मॉडेलमधून कोड बाहेर पडताना तीच गळून पडते. फेसबुकच्या मेटा कंपनीने तर आपल्या लामा या एआय मॉडेलला ओपन सोर्स म्हणवून घेतलं आणि लायसन्समध्ये महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी घ्यायला लावली. दुसऱ्याच्या अटी नकोत आणि आपल्या मात्र पाळा, हे चालणार नाही.

"कोणाकोणाला देणार?"

ही सबब सगळ्यात कच्ची आहे. कोणत्या उत्पादनात कोणती लायब्ररी, कोणत्या लायसन्सची आहे, याची यादी या कंपन्या आधीच ठेवतात, कारण जीपीएलचा कोड चुकून मिसळला तर वकील धावत येतात. कोर्टाच्या भीतीने केलेली यादी पैसे देतानाही वापरता येते. २०२४ मध्ये सुरू झालेली ओपन सोर्स प्लेज ही मोहीम कंपनीतल्या प्रत्येक डेव्हलपरमागे वर्षाला किमान २,००० डॉलर थेट मेंटेनरना द्या म्हणते. जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडाने २०२२ पासून कर्लसारख्या प्रकल्पांना निधी दिला. सरकारी खात्याला कोणाला द्यायचे ते सापडतं, आणि जगातल्या सगळ्यात हुशार इंजिनिअरांना नोकरीवर ठेवणाऱ्यांना सापडत नाही?

युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादन विकणाऱ्याने त्यात वापरलेले घटक, ओपन सोर्ससुद्धा, काळजीपूर्वक तपासायचे. दोष सापडला तर तो सांभाळणाऱ्याला कळवायचा. दुरुस्ती तयार केली असेल तर तीही त्याला द्यायची. पैसे न घेता कोड देणारा एकटा मेंटेनर या जबाबदारीतून बाहेर आहे. मेंटेनरला पगार द्या, असं मात्र या कायद्यातही कुठे म्हटलेलं नाही. ते अजून कंपन्यांच्या मर्जीवर आहे, आणि तेवढ्याचसाठी हा वाद चालू ठेवायला हवा.