हरताना बघायचेही पैसे पडतात

पहिलं एक सांगून टाकतो, मी शिकागो व्हाइट सॉक्स ह्या बेसबॉल टीमचा फॅन झालो त्यात माझा काही विचार-बिचार नव्हता. इथल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एमएस करायला आलो (तिलाही आयआयटीच म्हणतात, त्यामुळे सांगलीत सगळ्यांचा जो समज व्हायचा तो झाला आणि आईने तो दूर करायची काही घाई केली नाही) आणि त्या कॉलेजपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर थर्टीफिफ्थ स्ट्रीटला सॉक्सचं स्टेडियम. शहरात टीम दोन, उत्तरेला कब्स, दक्षिणेला सॉक्स. कब्सचं तिकीट स्टुडंटच्या खिशाला झेपायचं नाही, सॉक्सचं झेपायचं, विषय संपला. त्यात मी आलो ते साल २००५, आणि त्या ऑक्टोबरात ही टीम तब्बल ८८ वर्षांनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकली, तीही ह्यूस्टनला सरळ चार-शून्य धुऊन. रात्रभर हॉर्न वाजत होते. मला वाटलं इथे असंच असतं, दरवर्षी.

तर ह्याच टीमने २०२४ साली १६२ पैकी १२१ मॅच हरून दाखवल्या. ह्याआधीचा रेकॉर्ड १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० चा, पण मेट्सचं ते पहिलंच वर्ष, टीम नुकतीच उभी केलेली, त्यांना माफ. आमची मंडळी १९०१ पासून खेळतायत. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये क्लीव्हलंड स्पायडर्स नावाची टीम १३४ मॅच हरली होती, पण ते फार जुनं म्हणून रेकॉर्डात धरत नाहीत. आम्ही सॉक्सवाले धरतो. वाईट दिवसांत आपल्या खाली कोणीतरी लागतं.

आता ह्यात घरच्यांचा काय दोष, तर काहीच नाही, पण त्या वर्षी नेमकी आई आली होती. व्हिजिटर व्हिसावर एअरपोर्टला जे सहा महिने मिळतात ना, बेसबॉलचा सीझनही बरोबर तेवढाच, मार्च एंड ते सप्टेंबर एंड. आईने दुपारी फोनवर तिच्या मालिका बघायच्या आणि संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो की माझ्याबरोबर सॉक्स, असं आपोआपच ठरून गेलं. आणि तिला बेसबॉल कळायला अजिबात वेळ लागला नाही कारण तिने ती मालिकाच समजून बघितली. रोज तीच माणसं, रोज तोच छळ, जाहिराती तेवढ्याच, रविवारी दुपारी महाएपिसोड. पहिल्या २५ मॅचमध्ये आमचे ३ जिंकले तेव्हा आई म्हणाली, सुरुवातीला त्रास दाखवतातच रे, पुढे वळण येईल. वळण आलं. मे-जूनमध्ये ओळीने १४ हरले.

नियम समजावताना मात्र माझी वाट लागायची. मेमधली ती बाल्टिमोरविरुद्धची मॅच, शेवटची इनिंग, ८-६ असे मागे, दोन माणसं बेसवर, एकच आऊट, म्हणजे पहिल्यांदाच आम्ही दोघं सोफ्यावर पुढे सरकून बसलेलो. आमच्या बॅटरने बॉल वर उडवला. अम्पायर म्हणाला इनफील्ड फ्लाय, म्हणजे इतका सोपा कॅच की पकडायच्या आधीच बॅटर आऊट. वर म्हणाला सेकंड बेसवरचा तुमचा माणूस त्यांच्या फील्डरच्या वाटेत आला, म्हणून तोही आऊट. झाले तीन आऊट, मॅच खल्लास. आई माझ्याकडे बघतेय, मी टीव्हीकडे बघतोय, रिप्ले चालू. "वाटेत आला म्हणजे काय केलं त्याने?" मी म्हटलं काही नाही केलं, नुसता होता तिथे. आई म्हणाली, तुझ्या बाबांचं पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये असंच व्हायचं.

तिचा लाडका खेळाडू एकच, आमचा पिचर (बॉल टाकणारा) गॅरेट क्रोशे. आई आयुष्यभर क्रोशाने टेबलक्लॉथ आणि तोरणं विणत आलेली, त्यामुळे नाव ऐकल्या ऐकल्या तो घरातला झाला. आणि पोरगा होताच भारी, त्या भयानक टीममध्ये राहून त्याने २०९ स्ट्राइकआऊट काढले, म्हणजे तेवढे बॅटर एकट्याने आऊट केले, ऑलस्टार झाला. पण जुलैपासून टीमने त्याला चार-चार इनिंग टाकल्या की बसवायला सुरुवात केली, कारण स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, म्हणून त्याचं पहिलंच वर्ष, हात जपायचा होता. आईला हे काही केल्या पटेना. "जो एकटा नीट खेळतोय त्यालाच का उठवतात?" म्हटलं, आई, हात जपतायत त्याचा. "कुणासाठी?" ते डिसेंबरमध्ये कळलं. बॉस्टनसाठी. ट्रेड करून टाकला त्याला.

इथे टीव्ही चॅनेलवाले व्ह्यूअरशिप मोजत असतात म्हणे, मी आमच्या घरापुरतं सांगतो. एप्रिलमध्ये चार जण. मेमध्ये बायको गळली, "मला उद्या ऑफिस आहे" म्हणाली, जसं काही मला नव्हतं. मग मुलगा, तो तर आधीपासून फितूरच, आम्ही राहतो त्या नेपरव्हिलच्या शाळेत त्याचे सगळे मित्र कब्सवाले, तो आमच्यात बसून खाली फोनवर कब्सचा स्कोर बघायचा आणि मध्येच हळूच यस्स म्हणायचा, ते ऐकून आई टाळ्या वाजवायची की आपला रन झाला. जूनमध्ये उरलो मी आणि आई. जुलैत तिसऱ्या इनिंगनंतर उरायची फक्त आई, कारण मी सोफ्यावर घोरत असायचो, आणि जाग आली की ती आवाज न चढवता सांगायची, हरले, झोप आत जाऊन.

बरं हे सगळं फुकट चाललेलं असतं तर एक वेळ समजू शकतो. सॉक्स दिसायचे एका केबल चॅनेलवर, म्हणून घरात केबल, नाहीतर आजकाल केबल ठेवतो कोण. बिलावर नेहमीच्या आकड्याखाली रीजनल स्पोर्ट्स फी नावाची एक वेगळी ओळ, म्हणजे पंगतीत जेवायचे वेगळे आणि वाढायचे वेगळे. जुलैत एकदा डोकं फिरलं आणि मी ते पॅकेज काढून टाकायला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता, सर बंद का करताय, सर्व्हिसचा प्रॉब्लेम आहे का, पिक्चर नीट येत नाही का? मी म्हटलं पिक्चर अगदी स्पष्ट येतं हो, तोच प्रॉब्लेम आहे. तो जरा थांबला, मग म्हणाला, सॉक्स का? स्वतः साउथ साइडचा निघाला. कारणांच्या लिस्टमध्ये टीम हा ऑप्शन नाही म्हणाला, असता तर दिवसभर तोच दाबत बसलो असतो. पुढे अर्धा तास आम्ही बुलपेनवर (मॅचच्या मध्यात येणाऱ्या पिचरांवर) बोललो आणि पॅकेज चालूच राहिलं. त्याला चांगलं रेटिंग देऊन ठेवलं मी.

तुम्ही म्हणाल लीगचं अॅप घे की. इथे खरी गंमत होती. लीगच्या अॅपवर पैसे भरले की सगळ्या ३० टीमच्या मॅच दिसायच्या, फक्त तुमच्या गावची टीम सोडून, कारण गावच्या टीमचे हक्क गावच्या चॅनेलला विकलेले. ह्याला ब्लॅकआऊट म्हणतात. म्हणजे शिकागोत बसून मी सीॲटल बघू शकत होतो, मायामी बघू शकत होतो, ज्यांच्याशी माझं काहीही घेणं-देणं नाही त्या सगळ्यांना बघू शकत होतो. माझा एक मित्र आयोवात असतो, त्या राज्यात मोठ्या लीगची एकही टीम नाही, तरी त्याला तेव्हा सहा टीम ब्लॅकआऊट, आजूबाजूच्या सगळ्यांनी आयोवा आपल्यात धरलेलं म्हणून. आणि न्यू जर्सीला माझा मेहुणा, त्याला सॉक्सची जवळजवळ प्रत्येक मॅच दिसते. बघतो का? यांकीज बघतो! दसऱ्याला फोन केला की मुद्दाम विचारतो, काय म्हणतायत तुमचे मोजे.

पण एक मानलं पाहिजे, जुलैच्या दहा तारखेपासून जी काही हरायची रांग लागली त्यात आमच्या घरचा टीआरपी परत वर गेला. दहा झाल्या, बारा झाल्या, पंधरा झाल्या, बायको येऊन सोफ्याच्या हातावर टेकायला लागली, नुसतं बघते हं मी, म्हणत. मुलाने कब्स सोडून मान वर केली. ऑफिसात ज्यांनी कधी बेसबॉलचं नाव काढलं नाही ते कॉफी मशीनपाशी विचारायला लागले काल काय झालं. काय होणार! ओळीने २१ हरले, १९८८ च्या बाल्टिमोरशी बरोबरी, आणि ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये एकदाचे जिंकले. मॅच आमच्याकडे रात्री उशिराची, तरी आम्ही चौघं जागे, आईने फ्रीजमधली बर्फी काढली. दोन दिवसांनी मॅनेजर पेद्रो ग्रिफोलना काढून टाकलं. आईचं म्हणणं, हरत होता तेव्हा ठेवला आणि जिंकल्यावर काढला, हे कसलं ऑफिस?

स्टेडियमचं तर विचारू नका. तेव्हा नाव होतं गॅरंटीड रेट फील्ड, एका होम लोनवाल्या कंपनीचं, आणि त्या कंपनीच्या लोगोत खाली जाणारा लाल बाण. एवढं जाहीर करून ठेवलेलं असताना आम्ही तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची. त्या वर्षी सॉक्सची देशभर एकच चांगली बातमी पसरली, स्टेडियममध्ये मिळणारा कॅम्पफायर मिल्कशेक. आणि १९८१ पासून टीमची मालकी सांभाळणारे जेरी राइन्सडॉर्फ त्याच वर्षी नवीन स्टेडियमसाठी सरकारी पैशाच्या बोलण्या करत होते, त्यामुळे लोक स्टँडमधून टीम विका, टीम विका म्हणून ओरडायचे. टीव्हीवर ते स्पष्ट ऐकू यायचं. कमेंटेटर बिचारे हवामानावर बोलायला लागायचे.

मग आला सप्टेंबर. १२० हार होऊन मेट्सशी बरोबरी झालेली, पुढच्या तीन मॅच घरच्या मैदानावर एंजल्सशी, आणि आईची परतीची फ्लाइट त्याच शुक्रवारची. आई म्हणाली सहा महिने बसले ना मी ह्यांच्यासमोर, आता रेकॉर्ड बघूनच जाणार. मंगळवारी लोक खास हार बघायला स्टेडियममध्ये आलेले. सॉक्स दोन रननी मागे, सगळं कसं वेळापत्रकाप्रमाणे चाललेलं, आणि आठव्या इनिंगमध्ये ह्यांनी तीन रन काढले आणि ३-२ ने जिंकले! बुधवारी जिंकले! गुरुवारी सात-शून्यने जिंकले! अख्खं वर्ष आम्ही जिंका जिंका म्हणून देव पाण्यात ठेवले तेव्हा नाही, आणि आता म्हातारीची बॅग भरलेली असताना हे सुचलं. आई बॅगेचं वजन करता करता म्हणाली, ह्यांना धड हरताही येत नाही.

शुक्रवारी ती विमानात आणि सॉक्स डेट्रॉइटमध्ये ४-१ ने हरले. झाले १२१. त्याच मॅचने डेट्रॉइट दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, गेलं, म्हणजे मैदानावर उड्या, मिठ्या, जल्लोष, आणि डेट्रॉइटच्या चॅनेलवर हे सगळं रंगवून सांगणारा जेसन बेनेटी, जो आदल्या वर्षापर्यंत आमचा कमेंटेटर होता, इकडचाच पोरगा. चांगली माणसं वेळेवर नोकरी बदलतात. आईचा अबुधाबीला उतरल्यावर पहिला मेसेज, पोचले वगैरे काही नाही, "हरले का?" आणि सॉक्स दाखवणाऱ्या आमच्या त्या चॅनेलनेही सीझन संपताच शटर ओढलं, कायमचं.

एवढं हरल्यावर निदान ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळेल अशी आशा, नवीन पोरं निवडताना शेवटच्या टीमला आधी संधी असते ना. पण वरचे नंबर लॉटरीने काढतात, आणि श्रीमंत शहरांच्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत वरचा नंबर मिळत नाही असा नियम निघाला, त्यामुळे आम्हाला मिळाला दहावा. हरण्यात पहिला आणि बक्षीस दहावं. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली रिझर्वेशनमध्ये असं होतं, त्यावर मी फोन ठेवला.

२०२५ चा सीझन नवीन चॅनेलवर आला. इथल्या मोठ्या केबलशी त्या चॅनेलचं जमायला जून उजाडला, तोपर्यंत अँटेना लावा, हवेतून फुकट दिसतं, असं सगळे म्हणाले. फुकट म्हटल्यावर मी आणला. आमचं नेपरव्हिल शिकागोपासून तसं लांब, त्यामुळे अँटेना खिडकीला चिकटवला की कब्सवाल्या शेजाऱ्याच्या झाडामुळे पिच्चर फुटायचं. सांगलीत पहाटेचे साडेपाच-सहा वाजलेले, आई चहा घेऊन व्हिडिओ कॉलवर, दूरदर्शनच्या काळापासूनचा अनुभव तिला, तिकडून ऑर्डरी सोडतेय, डावीकडे घे, अजून, आता हात काढू नकोस. म्हणजे अँटेना मी धरायचा आणि मॅच तिने बघायची, तीही माझ्या फोनच्या कॅमेऱ्यातून.

अशात मे महिन्यात नवीन पोप निवडले गेले, लिओ चौदावे, जन्माने शिकागोचे, आणि पहिल्या दिवशी कब्सवाल्यांनी ते आमचे म्हणून उड्या मारल्या तर त्यांच्या सख्ख्या भावाने सांगितलं की नाही, तो सॉक्सचा. आणि काय सांगू, २००५ च्या त्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या मॅचचं फुटेज सापडलं, त्यात ते स्टँडमध्ये बसलेले, टेन्शनमध्ये! घरी मी जो नाचलो. मुलाला म्हटलं बघ, तुझ्या कब्सकडे कोण आहे. (पुढे त्या सीझनमध्ये सॉक्स १०२ हरले, पण ते नंतर.) आईला लगेच फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण मग ते आता तिकडे रोममध्ये मॅच कसे बघणार, त्यांच्याकडे तरी केबल आहे का?

मुलगा फोनमध्ये डोकं घालून होता, तिथूनच म्हणाला, आजी, त्यांना काय प्रॉब्लेम, व्हॅटिकनमध्ये ब्लॅकआऊट नाहीये, अॅपवर सगळं दिसतं.