वरातीमागून घोडे? एका जुन्या वाचकास उत्तर

‘एक जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. रेफ्सडाल या अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेल्या एका दूरच्या ताऱ्याचा, प्रकाश वाटेतल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने वळला आणि आपल्याला त्याच्या पाच प्रतिमा दिसल्या; त्यावरील माझ्या लेखात आपण चार दोष दाखवले आहेत, त्याबद्दल आभार मानायला हवेत. त्यातल्या एका वाक्याने मात्र मला स्वस्थ बसू दिले नाही. आपण लिहिता, “आधी घटना घडते आणि मग शास्त्रज्ञ सांगतात की आम्हाला ठाऊकच होते, पाचव्या प्रतिमेचे भाकीत म्हणजे वरातीमागून घोडे, आणि लेखकाने ते भाबडेपणाने वाचकांच्या गळ्यात मारले आहे.” ‘भाबडेपणाने’ हा शब्द आपण मला समोरासमोर ऐकवला असता, की टोपणनावाच्या आडोशामुळेच तो सुचला?

कबूल करण्यासारखे आहे ते आधी करतो. पाचही प्रतिमा एकाच दीर्घिकेभोवती दिसल्या, असा अर्थ माझ्या एका वाक्यातून निघत होता, तो चुकीचा आहे. चार प्रतिमा एमएसीएस जे११४९ या दीर्घिकासमूहातील एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेभोवती होत्या. पाचवी त्यांच्यापासून दूर, ताऱ्याच्या मूळ दीर्घिकेच्या दुसऱ्या प्रतिबिंबात उगवली. वाक्य दुरुस्त केले आहे.

आता वरात आणि घोडे. नोव्हेंबर २०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत खगोलशास्त्रज्ञ पॅट्रिक केली यांना ते चार ठिपके दिसले. हा प्रकाश सुमारे ९.३ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. वाटेत, आपल्यापासून सुमारे पाच अब्ज प्रकाशवर्षांवर, हा समूह आडवा आलेला. वळून आलेल्या प्रत्येक वाटेची लांबी निराळी, आणि समूहाच्या गुरुत्वाकर्षणात जी वाट अधिक खोल शिरते तिच्यावर होणारा विलंबही निराळा. म्हणून एकाच स्फोटाची वार्ता आपल्याकडे वेगवेगळ्या दिवशी येते. समूहाचे वस्तुमान, ज्यातले बहुतेक डोळ्यांना दिसतच नाही, कसे पसरले आहे याची प्रतिमाने, म्हणजे गणिती आराखडे, अनेक गटांनी बांधली आणि पाचवी प्रतिमा कुठे व साधारण केव्हा दिसेल याचे अंदाज २०१५ मध्येच मांडले. सूर्याच्या सान्निध्यामुळे आकाशाचा तो भाग मधले काही महिने हबलला पाहता येत नव्हता. ऑक्टोबरअखेर पाहणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्या जागी काहीच नव्हते. ११ डिसेंबर २०१५ च्या छायाचित्रात ठिपका होता. पुढे मोजलेला विलंब सुमारे ३७६ दिवसांचा भरला. अंदाज मांडून झाले तेव्हा जागा रिकामी होती, ही क्रमवारी आपण माझ्या लेखात वाचली नाहीत की वाचूनही सोडून दिलीत?

आणखी मागे जाऊ. ज्यांचे नाव या ताऱ्याला दिले, त्या नॉर्वेच्या स्यूर रेफ्सडाल यांनी अशा विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, हे १९६४ मध्ये लिहिले. असा प्रकाश वळवणारे आकाशातले पहिले गुरुत्वीय भिंग १९७९ मध्ये सापडले. घोडे वरातीच्या पंधरा वर्षे पुढे होते, महोदय.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी, दहा वर्षांचा असताना, मी वडिलांबरोबर कोल्हापूरहून एस.टी.ने खग्रास सूर्यग्रहण पाहायला हुबळीला गेलो होतो. आमच्या गल्लीत लोक दारे-खिडक्या लावून बसले होते. वडिलांच्या हातात मात्र वेळा लिहिलेला कागद होता, आणि अंधार त्या कागदाप्रमाणे पडला. त्यानंतर कोल्हापुरातच तीस वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवले. भाकीत आणि पश्चातबुद्धी यांतला फरक मला समजावून सांगण्याचे कष्ट तुम्ही घेतले नसते तरी चालले असते.

किरणोत्सवाची उपमा आपल्याला ‘देवळातली’ म्हणून खटकली. मावळतीचे किरण अंबाबाईच्या चरणांवर कोणत्या दिवशी येणार हे कोल्हापुरात सर्वांना आधीच ठाऊक असते. ते मूर्तीच्या कमरेशीच थबकले, तर आपण सूर्याला बोल लावत नाही, महाद्वार रस्त्यावरच्या अडथळ्यांची मापे घेतो. दीर्घिकासमूहाचे अभ्यासक याहून वेगळे काय करतात? उपमा राहील.

हबल स्थिरांकाचा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाचा, आकडा समूहाच्या प्रतिमानावर अवलंबून आहे, हा आपला आक्षेप खोटा नाही. २०२३ च्या शोधनिबंधात सर्व प्रतिमाने धरून ६४.८ आणि निवडक दोन धरून ६६.६ असे आकडे आले. परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही. ‘इंग्रजीवरून उतरवलेले’ या शेऱ्याला तर उत्तरच देत नाही.

आपल्याला खरोखर परीक्षाच घ्यायची असेल, तर रेक्वियम नावाच्या अतिनवताऱ्याकडे लक्ष ठेवावे. त्याच्या तीन प्रतिमा हबलने २०१६ मध्ये टिपल्या. चौथी २०३७ च्या सुमारास, दोनएक वर्षे मागेपुढे, दिसेल असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. नव्या प्रतिमानांनी ती तारीख बरीच अलीकडे आणली, हे आपण लगेच माझ्या तोंडावर फेकाल याची कल्पना आहे. खुशाल फेका, मात्र प्रतिमा दिसण्याच्या आधी फेका, आणि या वेळी स्वतःच्या नावाने.